बूट : पट्ट्यापासून नेटवर्कपर्यंत
संगणक सुरू होण्याच्या क्रियेला ‘बूट’ म्हणतात, तो शब्द ‘बूटस्ट्रॅप’चा, म्हणजे बूट पायात चढवताना धरायच्या पट्ट्याचा, संक्षेप असून, तो पट्टा ओढून स्वतःलाच वर उचलण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी इंग्रजीत थट्टेचा विषय होती. पुढे १९५०च्या दशकात, एका छोट्या आज्ञावलीने मोठी आज्ञावली स्मृतीत आणण्याच्या युक्तीला हेच नाव मिळाले. १९८५ मधील ‘बूटपी’ या नियमावलीने तो शब्द नेटवर्कवर नेला आणि तिच्यातूनच डीएचसीपी ही पत्तेवाटपाची पद्धत निघाली. गंमत अशी की, येथे यंत्राला उचलणारा हात दुसऱ्याच यंत्राचा असतो. इंटेलच्या पीएक्सई पद्धतीत सुरू होणारे यंत्र डीएचसीपी सेवेकडून आयपी पत्ता व प्रारंभ-फाइलचे नाव मिळवते आणि ती फाइल टीएफटीपी या, पासवर्डही न विचारणाऱ्या, सेवेकडून उतरवून घेते. लिनक्स सर्व्हरवर ‘डीएनएसमास्क’ ही आज्ञावली दोन्ही कामे करू शकते; तिच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये पत्त्यांचा पल्ला, प्रारंभ-फाइलचे नाव व टीएफटीपीचे फोल्डर नोंदवून ‘सिस्टिमसीटीएल’ आज्ञेने सेवा सुरू करतात, मात्र त्याच नेटवर्कवर दुसरा डीएचसीपी सर्व्हर आधीच असल्यास पत्तेवाटपात गोंधळ उडू शकतो.