उसाच्या वजनापासून स्टेटसपर्यंत

आमच्या जिल्ह्यात संगणकाचं जाळं खेड्यात शिरलं ते उसाचं वजन सांगायला, असं म्हटलं तर आजची पोरं हसतील. १९९८ साली वारणानगर परिसरात ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. केंद्र, राज्य आणि वारणा समूहानं मिळून सुमारे ७० गावांना संगणकानं जोडलं. तोड कधी, वजन किती भरलं, हे शेतकऱ्याला गावातच कळू लागलं. कारखान्याचा हेलपाटा वाचला. पुढं काही गावांत हेच काम एसएमएसवर आलं.

त्यानंतर पंचवीस वर्षांनी, ७ जून २०२३ रोजी, औरंगजेब-टिपूच्या स्टेटसवरून कोल्हापुरात बंद झाला, दगडफेक झाली, इंटरनेट थांबवावं लागलं. ज्या शहरात शाहू महाराजांनी १९०६ साली मोहामेडन एज्युकेशन सोसायटी काढली, त्या शहरात! महाराज मूळचे आमच्या कागलच्या घाटगे घराण्यातले, म्हणून जरा जास्तच लागलं.

मी कागलला घरी होतो. फोन मुका. संध्याकाळी शेजारचे म्हातारे मास्तर काठी टेकत आले. गैबी पीराच्या उरुसात आमच्या आधी यांच्या घरचा नैवेद्य पोचतो. उंबऱ्यातूनच विचारलं, “पोरं घरात हाईत न्हवं?”

“हाईत. या की मास्तर, आत.”

चहा झाला. पावसाचं, पेरणीचं बोललो. ग्रुपवर ते रोज काय वाचतात, मी कधी विचारलं नव्हतं. त्यांनीही मला नाही. त्या दिवशीही दोघांनी विचारलं नाही.

नेट परत आलं तेव्हा माझ्या फोनवर ढीगभर निरोप साचले होते. पोरांची चौकशी करणारा त्यात एकही नव्हता.