अगणनीय नामे आणि औरंगाबादचा इंग्रजी वर्ग

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तत्कालीन औरंगाबाद, सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू, तर इंग्रजी हा अनिवार्य विषय होता. त्यामुळे १९२३ साली या शहरात महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा मराठी घरातील विद्यार्थी इंग्रजीकडे उर्दूच्या वाटेने जात असे. मौलवी अब्दुल हक यांचा इंग्रजी-उर्दू कोश १९३७ साली याच शहरातून प्रसिद्ध झाला. कोशामुळे शब्दांचे अर्थ हाती आले; ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांची अडचण मात्र उरली, कारण ती मराठीत नाहीत आणि उर्दूतही नाहीत.

उपपदांच्या चुकांचे खापर सरसकट या अभावावर फोडले जाते. ते अर्धेच खरे आहे. गणनीय-अगणनीय हा भेद मराठी भाषक जाणतोच. ‘दोन पाणी’ कोणी मागत नाही. अडचण आहे ती सीमारेषा वेगळ्या ठिकाणी असण्याची. मराठीत ‘सल्ले’ दिले जातात, ‘बातम्या’ येतात, ‘केस’ पिकतात. म्हणून ‘ॲडव्हायसेस’ आणि ‘हेअर्स’ सहज लिहिले जाते. ‘माहिती’ मात्र मराठीत एकवचनीच राहते, तर उर्दूतील ‘मालूमात’ हे रूपच अनेकवचनी आहे. एकाच बाकावरील दोन विद्यार्थ्यांच्या चुका अशा निरनिराळ्या उगमांतून येतात. धान्याच्या नावांत तर मराठीचेही एकमत नाही : ज्वारी दळली जाते, गहू दळले जातात.

नेसफिल्डच्या व्याकरणाने पदार्थवाचक नामांचा स्वतंत्र वर्ग मानला होता. पाणी, सोने यांपुरता तो पुरेसा होता. ‘ॲडव्हाइस’ किंवा ‘फर्निचर’ला त्यात जागा कोठे? येस्पर्सन यांनी १९२४च्या ‘फिलॉसफी ऑफ ग्रामर’ या ग्रंथात हा भेद पदार्थापुरता न ठेवता अमूर्त नामांनाही लावला. हॉर्नबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९४२च्या कोशात तर गणनीयतेची खूण नामागणिक देण्यात आली. हा कोश परभाषक विद्यार्थ्यांसाठी होता, हे येथे विशेष महत्त्वाचे.

१९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय काढले. तेच पुढचे मिलिंद. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ आले. घरात इंग्रजीचा वाराही नसलेली पिढी वर्गात बसू लागली आणि या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने इंग्रजीचा पेपर हा पदवीच्या वाटेवरचा उंबरठा होता. ‘मच’ आणि ‘मेनी’ या दोहोंसाठी त्यांच्याजवळ ‘पुष्कळ’ हा एकच शब्द. परंतु ‘अ लिटल’ आणि ‘लिटल’ यांतील भेद समजावण्याचे साधन त्यांच्या बोलीतच होते. ‘रांजणात थोडे पाणी आहे’ म्हटले की धीर येतो. ‘थोडेच पाणी आहे’ म्हटले की काळजी वाटते. इंग्रजी जेथे ‘अ’ गाळते, तेथे मराठी ‘च’ जोडते.