‘पद्मिनी’ खाली बसविण्यापूर्वी...

मुंबईतील ‘प्रीमिअर पद्मिनी’ बनावटीच्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात झाली होती. टॅक्सीसाठीची वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्याने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती सेवेतून बाद झाली. आता ही गाडी दिसते ती खासगी मालकांच्या दारात. त्यांतले काही जण वडिलांची गाडी म्हणून ती सांभाळतात, तर काहींनी हौसेने विकत घेतलेली असते. गॅरेजमध्ये आल्यावर या हौशी मंडळींच्या मागण्या बहुधा दोनच असतात. गाडी थोडी खाली बसवा आणि कार्बोरेटर ‘सेट’ करून द्या.

दोन्ही मागण्या वरवर किरकोळ वाटतात. प्रत्यक्षात पहिलीत चूक झाली तर गाडीचा तोल आणि सुरक्षितता जाते; दुसरीत झाली तर इंजिन झिजते.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ तयार होऊ लागली. १९७४ पासून हीच गाडी ‘पद्मिनी’ या नावाने ओळखली गेली. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती आणि मूळ रचनेत चारही चाकांना ड्रम ब्रेक. पुढील चाकांना दुहेरी विशबोन व गुंडाळीची स्प्रिंग, तर मागे अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे अशी व्यवस्था आहे. भारतातील खड्डे आणि भरगच्च प्रवासी यांच्यासाठी ती पुरेशी लवचीक ठेवलेली होती.

गाडी खाली आणण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे पुढील स्प्रिंगचा एखादा वेढा कापणे. यामागचे गणित मात्र फार थोडे लोक मांडतात. स्प्रिंगचा ताठरपणा तिच्या कार्यकारी वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. समजा, आठ वेढ्यांपैकी एक कापला, तर ताठरपणा सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो. शिवाय स्प्रिंग चाकापासून आतल्या बाजूला, विशबोनवर बसलेली असते. त्यामुळे स्प्रिंगची उंची १० मिलिमीटरने घटली, तर गाडी त्याहून बरीच अधिक खाली येते. ‘अर्धा इंच कापला आणि गाडी इंचभर बसली’ ही तक्रार त्यातूनच येते. कापलेला तुकडा पुन्हा जोडता येत नाही, हे वेगळे सांगायला नको.

याहून घातक प्रकार म्हणजे गॅस-टॉर्चने स्प्रिंग तापवून ती दबू देणे. असे केल्यास पोलादाला दिलेले पाणी उतरते. अशी स्प्रिंग काही दिवस ठीक वाटते. नंतर एका बाजूला बसते किंवा खड्ड्यात तुटते. हा उपाय सुचविणाऱ्या कारागिराकडे गाडी ठेवूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कमी उंचीची, योग्य ताठरपणाची नवी स्प्रिंग वळवून घेणे थोडे खर्चाचे असले तरी मूळ जोडी जपून ठेवता येते.

मागील बाजूस पाट्यांची कमान कमी करून घेता येते. जुन्या पाट्यांवर काम करणारे कारागीर ते व्यवस्थित करतात, मात्र दोन्ही बाजूंची कमान सारखी हवी. अ‍ॅक्सल आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालण्याची पद्धतही आहे. पाटे अ‍ॅक्सलच्या खाली असतील तरच ठोकळ्याने गाडी खाली येते. ते वरून बांधलेले असतील तर तोच ठोकळा गाडी उलट उचलतो. त्यामुळे आधी गाडीखाली डोकावून पाहावे. डोकावताना जॅकच्या भरवशावर राहू नये, घोडी लावावी. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये साठलेला जोर बोटे तोडू शकतो. ती काढताना स्प्रिंग दाबण्याचे हत्यार हाताशी नसेल, तर काम पुढे ढकललेले बरे.

उंची बदलली की चाकांची मापेही बदलतात. पुढील चाके वरच्या बाजूने आत झुकतात, त्यांची दिशाही किंचित बदलते आणि टायर एका कडेने झिजू लागतो. म्हणून स्प्रिंग बदलल्यावर अलाइनमेंट करून घेणे हा त्याच कामाचा भाग समजावा. शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा प्रश्न आणखी निराळा आहे. मूळ लांबीचा शॉक खाली बसलेल्या गाडीत आधीच अर्धवट दबलेला असतो; खड्डा आला की त्याची चाल संपते आणि रबरी बंपस्टॉपवर आदळ बसते. ती आदळ थेट बॉडीच्या पत्र्याला पोहोचते आणि चाळीस वर्षांच्या पत्र्यात गंज किती आहे, हे त्या दिवशी कळते. मुंबईचे गतिरोधक ध्यानात घेता इंचाहून अधिक उंची कमी करण्यात शहाणपण नाही.

कार्बोरेटरचे काम तुलनेने सौम्य, पण तिथेही घाई नडते. ‘गाडी धक्के देते’ अशी तक्रार आली की कारागिराचा हात प्रथम कार्बोरेटरच्या स्क्रूकडे जातो. खरे तर टॅपेट, प्लग, कॉन्टॅक्ट पॉइंटमधील फट आणि इग्निशनचे टायमिंग या क्रमाने आधी तपासणी व्हायला हवी. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. त्यानंतर एअर फिल्टर आणि कार्बोरेटरखालचे गॅस्केट पाहावे. जुन्या सोलेक्समध्ये थ्रॉटलची दांडी जिथे फिरते ते भोक झिजून मोठे होते आणि तेथून हवा शिरते. अशा कार्बोरेटरचा ‘स्लो’ कितीही फिरविला तरी स्थिर राहत नाही. त्याला बुशिंग बसवावे लागते.

प्रत्यक्ष ट्युनिंग इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आणि चोक बंद ठेवून करायचे. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घ्यावा, पिळू नये; अन्यथा त्याचे टोक आणि बैठक दोन्ही बिघडतात. तेथून तो सुमारे दीड फेरा बाहेर काढून इंजिन सुरू करावे. मग थोडा आत-बाहेर करीत ज्या ठिकाणी इंजिनाचा वेग सर्वाधिक आणि आवाज एकसारखा असेल तिथे थांबावे आणि वेगाच्या स्क्रूने ‘स्लो’ खाली आणावा. दहा-पंधरा किलोमीटर फेरी मारून प्लग काढून पाहिला की निकाल कळतो. फिकट तपकिरी रंग असेल तर मिश्रण योग्य. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तर पांढरट टोक म्हणजे पेट्रोल कमी. यांतले दुसरे लक्षण अधिक गंभीर मानावे, कारण त्यात इंजिन तापते.

अलीकडे हे पांढरट टोक अधिक दिसण्याचे एक कारण पंपावरच्या इंधनात आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने देशभर आले. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. या मिश्रणाला साडेतेरा किलोच्या आसपास पुरते. जेट मात्र जुन्या प्रमाणासाठी छेदलेला असतो. सोलेक्सच्या जेटवरील अंक हा छिद्राचा व्यास असतो, मिलिमीटरच्या शतांशात. प्रवाह आठ टक्क्यांनी वाढवायचा तर व्यास चार टक्क्यांनी वाढवावा लागतो. म्हणजे ११५ च्या जागी १२० चा जेट, असा फरक पडतो. जेटचे भोक तारेने खरवडून मोठे करण्याचा मोह टाळावा. रबरी नळ्या आणि फ्युएल पंपाचा पडदा इथेनॉलने फुगतो किंवा चिरतो, त्यामुळे ते आधी बदलून घ्यावेत. उन्हाळ्यात पंपावर ओले फडके ठेवण्याची टॅक्सीवाल्यांची युक्ती अजूनही चालते, पण गळकी नळी तिने बरी होत नाही.

राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका कायम ठेवली. दुसरीकडे, पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांना ‘विंटेज’ म्हणून नोंदविण्याची सोय केंद्राने जुलै २०२१ मधील नियमांनी केली. त्यासाठी शुल्क २० हजार रुपये असून नोंदणी दहा वर्षांची असते. गाडी मूळ स्वरूपात असणे ही अट त्यात आहे. रोजच्या वापरासाठी मात्र ती चालविता येत नाही. १९७४ च्या पहिल्या ‘पद्मिनीं’नी ही पन्नाशी ओलांडली आहे. त्यांच्या मालकांनी काढलेल्या स्प्रिंग आणि जुने जेट चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवावेत, भंगारात देऊ नयेत.