बीडची पोथी आणि पडद्यावरचे पान

मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ शके १११० मध्ये, म्हणजे इ. स. ११८८ मध्ये, अंबाजोगाई येथे रचला आणि म्हणून ते मराठीचे आद्यकवी ठरतात, हे वाक्य आम्ही विद्यार्थिदशेत पाठ केले आणि शिक्षक झाल्यावर फळ्यावर लिहिले. बीड जिल्ह्यात मराठी शिकविणाऱ्यांना ते अधिकच जवळचे. मुकुंदराजांची समाधी आमच्याच अंबाजोगाईत आहे. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने उत्तरपत्रिकेत लिहिले, की हा काळ आणि हे स्थळ दोन्ही वादग्रस्त आहेत. आम्ही तिचे गुण कापले. ‘हे कोठे वाचलेस?’ या प्रश्नाला ‘इंटरनेटवर’ असे उत्तर आले आणि आम्ही हसलो.

हसणे चुकीचे होते, हे पुढे उमगले. विवेकसिंधूचा रचनाकाळ सांगणारी ओवी मूळचीच की मागाहून घातलेली, याविषयी अभ्यासकांत जुना मतभेद आहे. उपलब्ध प्रतींतील भाषा ज्ञानेश्वरीपेक्षा अर्वाचीन वाटते, ही दुसरी अडचण. ग्रंथात वैन्यगंगेच्या तीरावरील अंबानगरीचा उल्लेख येतो. तो आधार धरून काही विद्वान मुकुंदराजांना वैनगंगेकाठच्या आंभोऱ्याकडे नेतात. अंबाजोगाईचा पक्ष यामुळे निकाली निघत नाही; पण तो एक पक्ष आहे, निकाल नव्हे. विद्यार्थिनी नेमके हेच सांगत होती. तिला साधन कोणते ते नीट सांगता आले नाही आणि आम्हांला ते तपासता आले नाही. दोघांचेही अज्ञान एकाच जातीचे. दंड मात्र तिला झाला.

त्यानंतर आम्ही काही शिक्षक महाविद्यालयाच्या संगणककक्षात अधूनमधून जमू लागलो. संगणकावरील माहितीची पारख कशी करावी, हे शिकण्याचा हेतू होता. आरंभी वाटले, की ही विद्या आपल्याला सर्वस्वी नवी. थोड्याच दिवसांत ध्यानात आले, की तिची मुळाक्षरे मराठी वाङ्मयाच्या इतिहासातच आहेत आणि त्यातली काही तर आमच्या अंगणातली.

गोदावरी ही बीड जिल्ह्याची उत्तर सीमा. तिच्या पलीकडच्या तीरावर, पैठणला, शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण पूर्ण केले. ज्ञानेश्वरांनंतरच्या सुमारे तीनशे वर्षांत लेखकांच्या हातून पाठ बिघडले होते. ते प्रती पाहून दुरुस्त करावे आणि यापुढे कोणी स्वतःची ओवी त्यात घालू नये अशी ताकीद द्यावी, एवढी जाणीव त्या काळी होती. पुढे वि. का. राजवाडे यांनी बीड येथे मिळालेल्या पोथीवरून १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी छापली. ही पोथी एकनाथपूर्व आहे, असा त्यांचा दावा होता. त्याच आधारावर त्यांनी ज्ञानेश्वरीतील मराठीचे व्याकरणही लिहिले. पण ती मूळ पोथी आज उपलब्ध नाही. पोथीत काय होते आणि राजवाड्यांच्या लेखणीने काय सुधारले, हे ताडून पाहण्याची वाट त्यामुळे बंद झाली. संपादक थोर, पाठ मोलाचा, तरी मूळ साधन हरवले की श्रद्धेला पुराव्याचे काम करावे लागते. बीडच्या पोथीचा हा धडा पडद्यावरच्या प्रत्येक पानाला लागू आहे : आपण पाहतो आहोत ते मूळ आहे, मूळची प्रतिमा आहे, की कोणी सांगितलेली हकीकत?

दुसरा धडा पुण्याच्या भांडारकर संस्थेचा. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम तेथे १९१९ मध्ये सुरू झाले. वि. स. सुखटणकरांनी त्याला शास्त्रीय शिस्त दिली आणि ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. त्या शास्त्राचे सार असे, की प्रती मोजायच्या नसतात, तोलायच्या असतात. एकाच पोथीवरून वीस नकला झाल्या असतील, तर साक्षीदार वीस नव्हेत, एकच. आम्ही मुकुंदराजांविषयीची पाने शेजारी शेजारी ठेवून वाचली, तेव्हा अनेक ठिकाणी तेच वाक्य, तोच शब्दक्रम, एवढेच नव्हे तर तीच शुद्धलेखनाची चूक आढळली. पाठचिकित्सेत समान चुकांवरूनच पोथ्यांचे कूळ ओळखतात. दहा पानांचा ‘पुरावा’ अशा रीतीने एका पानावर आला.

तिसरी अडचण नावांची. ‘अंबाजोगाई’ एवढाच शब्द देऊन शोधणाऱ्याच्या हाती निजामकाळातील फारसे काही लागणार नाही, कारण त्या काळी गावाचे सरकारी नाव मोमिनाबाद होते. जिल्ह्याच्या नावाचे इंग्रजी लेखनही बदलत गेले. १९६९ च्या शासकीय गॅझेटिअरच्या मुखपृष्ठावर ‘भीर’ असे नाव आहे. ज्ञानेश्वरीच्या रोमन लिप्यंतराची तर तीनचार रूपे प्रचलित आहेत. शोध रिता आला म्हणजे माहिती नाही, असे नव्हे. पुष्कळदा आपण आजच्या नावाने कालच्या माणसाला हाक मारीत असतो. कोणत्या काळी कोणते नाव होते हे ठाऊक असणारा मराठीचा वा इतिहासाचा शिक्षक येथे संगणकतज्ज्ञापेक्षा उपयोगी पडतो.

तथापि आमच्या विद्वत्तेलाही मर्यादा आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्रू यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास मांडला. दहा इतिहासकार, दहा व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि पंचवीस विद्यार्थी यांना काही संकेतस्थळे पारखावयास दिली. इतिहासकारांपैकी बरेच जण रुबाबदार मांडणीला आणि भारदस्त नावाला फसले. ते पान वरपासून खालपर्यंत बारकाईने वाचत राहिले. तपासनीस मात्र लगेच ते पान सोडून बाहेर पडत आणि इतर लोक या संस्थेविषयी काय म्हणतात ते पाहत. सूक्ष्म वाचन हा साहित्याच्या शिक्षकाचा अभिमान. येथे तोच आडवा येतो. साक्षीदाराचे चारित्र्य त्याच्याच तोंडून ऐकायचे नसते, हे कोर्टाची पायरी चढलेल्या शेतकऱ्यालाही ठाऊक असते.

हीच कसोटी आपल्या नित्याच्या साधनांना लावावी. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. आज विश्वकोश संगणकावर विनामूल्य वाचता येतो. त्यातील नोंदींना लेखकाचे नाव आहे, पण नोंद कोणत्या काळी लिहिली गेली हे पाहिल्यावाचून ती आजची समजू नये. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला. तेथे लेखाचा इतिहास उघडून कोणी केव्हा काय बदलले ते पाहता येते, आणि ही सोय छापील ग्रंथात नाही. एक डोळे मिटून मान्य आणि दुसरा डोळे मिटून त्याज्य, ही दोन्ही आळसाचीच रूपे होत.

अखेर एक सोपा प्रयोग. दासोपंतांनी ‘पंचीकरण’ ज्या लांबलचक वस्त्रावर लिहिले, ती पासोडी अंबाजोगाईत जतन केलेली आहे. तिची लांबी कोठे चाळीस हात, तर कोठे चाळीस फूट अशी वाचावयास मिळते. हात दीड फुटाचा धरला तर वीस फुटांचा फरक पडतो. हा वाद पडद्यावर शोध घेऊन मिटणारा नाही. पासोडीजवळ जाऊन, जपणाऱ्यांची अनुमती घेऊन मोजपट्टी धरावी लागेल. उत्तम शोध शेवटी आपल्याला खुर्चीवरून उठवितो.

त्या विद्यार्थिनीचा निकाल केव्हाच लागला होता. कापलेले गुण परत देता आले नाहीत. आता मुकुंदराज शिकविताना आम्ही फळ्यावर शके १११० लिहितो, त्यापुढे प्रश्नचिन्ह काढतो आणि खाली दोन रकाने आखतो : कोण म्हणतो, आणि कशावरून. ‘इंटरनेटवर वाचले’ असे कोणी म्हणाले तर हसत नाही. ‘दाखव,’ म्हणतो, आणि त्याच्या शेजारी बसतो.