टोपीवरचा बगळा

एप्रिल सरत आला की जॉन्सन पार्कात, रॅरिटनच्या काठी, पांढरेशुभ्र बगळे दिसू लागतात. त्यांच्यामागे लांब लेन्स घेऊन आपल्यातलेही काहीजण दिसतात. आज त्या बगळ्याच्या पाठीवरच्या पिसांची हकिगत.

मोठा बगळा एरवी साधाच. विणीच्या हंगामात मात्र त्याच्या पाठीवर लांब, विरविरीत पिसं फुटतात आणि चोचीच्या मुळाशी कातडी हिरवी होते. नर घरट्याच्या जागी उभा राहून मान आभाळाकडे ताणतो, पिसं जाळीदार पंख्यासारखी उभारतो. हा सगळा खटाटोप मादीसाठी. फोटोत आपल्याला हवा असतो तो हाच क्षण. सव्वाशे वर्षांपूर्वी शिकारीही याच हंगामाची वाट पाहायचे.

कारण ही पिसं बायकांच्या टोप्यांवर खोवली जात. १८८६ साली फ्रँक चॅपमन नावाच्या तरुणाने मॅनहॅटनमध्ये दोन फेरफटके मारून टोप्या मोजल्या. ७०० टोप्यांपैकी ५४२ वर पिसं! हा चॅपमन आपल्याच न्यू जर्सीचा, एंगलवूडकडचा. पुढे बँकेची नोकरी सोडून तो न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये गेला.

एक औंस पिसांसाठी साधारण चार बगळे मारावे लागत, आणि त्या औंसाला सोन्याहून जास्त भाव मिळे. पिसं विणीतच येत असल्यामुळे गोळी घरट्यापाशीच झाडली जाई. मागे राहिलेली पिल्लं उपाशी मरत. १९०५ मध्ये फ्लोरिडात बगळ्यांची राखण करणाऱ्या गाय ब्रॅडलीलाच गोळी घातली गेली.

फॅशन मोडायला पुढे आल्या त्याही बायकाच. १८९६ मध्ये बोस्टनच्या हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल यांनी मैत्रिणींना चहाला बोलावून पिसं न वापरण्याचा आग्रह धरला. (हळदीकुंकवाला बोलावून असं काही सुचवलं तर काय होईल, याची कल्पना करा.) हिंदुस्थानातून पिसांच्या निर्यातीवर १९०२ मध्ये बंदी आली, तरी चोरटा माल लंडनला जातच राहिला. इथे १९१८ च्या स्थलांतरी पक्षी कायद्याने शिकारीला चाप बसला.

चॅपमनचं आणखी एक काम आपल्या कामाचं. कॅमेऱ्याने पक्ष्यांचा अभ्यास कसा करावा, यावर त्याने १९०० मध्ये पुस्तक लिहिलं. काचेच्या प्लेटा, अवजड कॅमेरा आणि आडोसा म्हणून कापड लावलेली छत्री. पक्ष्याला आपण दिसूच नये, यासाठी एवढी यातायात. आज लेन्स लांब झाल्या, पण पाय काही थांबत नाहीत. माणूस घरट्याजवळ गेला की बगळा उडतो आणि उघडी अंडी कावळ्यांच्या तावडीत सापडतात.

जॉन्सन पार्कात बगळे मासे मारायला येतात. प्रियाराधन पाहायचं तर दक्षिणेला ओशन सिटी गाठा. रूट ५२ वरच्या पर्यटक केंद्राच्या कठड्यावरूनच झाडांवरची वसाहत दिसते. कठड्यापलीकडे जायची गरजच पडत नाही. सकाळी लवकर निघा.