पावशेर

‘पावशेर’मधला ‘पाव’ संस्कृत ‘पाद’वरून, म्हणजे चौथ्या भागावरून आला. पोर्तुगीजांनी आणलेला, बेकरीतला पाव निराळा. पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. त्यामुळे पावशेर जेमतेम २३३ ग्रॅम भरे. त्याच्या निम्मे ते नवटाक. गावच्या वाण्याकडे पावशेर साखर, नवटाक चहापूड हीच मागण्याची रीत होती. वाणी रद्दीच्या कागदात माल बांधून पुडीवर दोरा गुंडाळी आणि उधारी वहीत मांडी. १९५६च्या कायद्यामागोमाग दशमान वजने आली आणि तागडीतला शेर गेला. ‘पावशेर’ हा चिवट शब्द मात्र टिकला, तो १७ ग्रॅमने वाढून. आज भाजीबाजारात पावशेर मिरच्या मागितल्या की विक्रेता २५० ग्रॅमच तोलतो.