युजनेट न्यूजग्रुप म्हणजे काय? गाणी, फोटो, व्हिडिओ तिथे कसे शेअर आणि डाउनलोड होतात?

टॉरंट सगळ्यांना माहीत असतं, टेलिग्राम चॅनेल तर रोजचंच झालंय. पण "युजनेट वापर, फुल स्पीड मिळतो आणि कोणाला कळत पण नाही" असा सल्ला एखाद्या ग्रुपवर आला, की अनेकांचा गोंधळ उडतो. हे ॲप आहे का? वेबसाइट आहे का? पैसे कशाचे द्यायचे? आणि "कोणाला कळत नाही" हे कितपत खरं?

या लेखात युजनेटवर मोठ्या फाइल कशा जातात, त्या परत कशा जुळतात, मोबाइलवर काय जमतं आणि कायदा काय सांगतो, हे क्रमाने बघू.

युजनेट म्हणजे नेमकं काय?

युजनेट ही वेबपेक्षा जुनी गोष्ट आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांना १९७९ मध्ये ही कल्पना सुचली आणि १९८० मध्ये ती सुरू झाली. वेब त्यानंतर साधारण दहा वर्षांनी आलं.

गावातल्या चौकातला फळा डोळ्यांपुढे आणा. कोणीही येऊन त्यावर लिहितो, बाकीचे वाचतात, उत्तर लिहितात. आता असे हजारो फळे, प्रत्येकाचा विषय वेगळा. त्यातला एक फळा म्हणजे एक न्यूजग्रुप. त्यावरच्या एका मजकुराला आर्टिकल म्हणतात.

खरी गंमत पुढे आहे. हे फळे एका कंपनीच्या मालकीचे नसतात. जगभर वेगवेगळ्या संस्थांचे न्यूज सर्व्हर असतात. तुम्ही एका सर्व्हरवर आर्टिकल टाकलं, की तो सर्व्हर त्याची कॉपी शेजारच्या सर्व्हरला देतो, तो पुढच्याला. थोड्या वेळात तीच कॉपी अनेक देशांत पोचते. या देवाणघेवाणीचे नियम म्हणजे एनएनटीपी हा प्रोटोकॉल, तो १९८६ मध्ये ठरला.

मराठी आणि फोटो एकाच दारात अडकले होते

युजनेटवर मराठीही होती. १९९० च्या दशकात परदेशात शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींचा 'सॉक.कल्चर.इंडियन.मराठी' नावाचा न्यूजग्रुप होता. भारतीय संगीतासाठी 'रेक.म्युझिक.इंडियन.मिस्क' आणि 'रेक.म्युझिक.इंडियन.क्लासिकल' असे वेगळे ग्रुप होते. भारतात सर्वसामान्यांसाठी व्हीएसएनएलचं इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झालं. त्याआधी इथे नेट होतं ते मुख्यतः आयआयटी आणि मुंबईच्या एनसीएसटीसारख्या संस्थांना जोडणाऱ्या अर्नेट या जाळ्यावर.

त्या मराठी ग्रुपवरची जुनी पोस्ट आज उघडली तर मराठी रोमन लिपीत दिसते. हौस म्हणून कोणी तसं लिहीत नव्हतं. युजनेट बनलं तेव्हा ते फक्त साध्या इंग्रजी मजकुरासाठी होतं. एका अक्षराला ७ बिट, म्हणजे एकूण १२८ चिन्हं. त्यात इंग्रजी अक्षरं, अंक, विरामचिन्हं बसली आणि जागा संपली. देवनागरीला जागाच नव्हती. म्हणून अविनाश चोपडे यांनी १९९१ च्या सुमारास आयट्रान्स नावाची पद्धत बनवली. ठरलेल्या नियमांनी रोमनमध्ये लिहायचं आणि सॉफ्टवेअरने त्याची देवनागरी करायची. कितीतरी गाण्यांचे शब्द या पद्धतीने नेटवर आले.

फोटो आणि आवाजाचीही नेमकी हीच अडचण होती. अशा फाइलमधल्या प्रत्येक बाइटची किंमत ० ते २५५ पैकी काहीही असू शकते. ती १२८ च्या दारातून जाणार कशी? उत्तर तेच. आधी साध्या अक्षरांत लिहायची, पलीकडे परत मूळ रूपात आणायची. ज्या फाइलमध्ये मजकूर नसून असा डेटा असतो, तिला युजनेटच्या भाषेत बायनरी म्हणतात. अशा फाइलींचे ग्रुप बहुतेक 'ऑल्ट.बायनरीज' या नावाने सुरू होतात.

फाइलचा मजकूर कसा होतो?

एक उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही सांगलीत विश्रामबागला राहता आणि घरात माळ्यावर उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची १९३० च्या दशकातली ७८ आरपीएमची तबकडी सापडली. किराणा घराण्याचे हे गायक शेजारच्या मिरजेत राहिले. १९३७ मध्ये त्यांचं निधन झालं आणि मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यातच त्यांची कबर आहे. तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांची असते. ती तुम्ही कॉम्प्युटरवर घेतली आणि १४ एमबीची फ्लॅक फाइल तयार झाली.

पहिली पद्धत, युयुएन्कोड. ही मेरी ॲन हॉर्टन यांनी १९८० मध्ये बनवली. फाइलचे तीन बाइट घ्यायचे आणि त्यांची चार साधी अक्षरं करायची. म्हणजे फाइल किमान एक तृतीयांशाने फुगते. आपली १४ एमबीची फाइल १९ एमबीच्या आसपास जाते. ९.६ केबीपीएसच्या मोडेमवर मूळ १४ एमबी उतरवायलाच सव्वातीन तास लागले असते, फुगलेल्या फाइलला चार तासांहून जास्त. तेव्हाचे लोक गाण्यांऐवजी गाण्यांचे शब्द का टाकायचे, ते यावरून कळेल!

दुसरी पद्धत, वायएन्क. ही युर्गन हेल्बिंग यांनी २००१ मध्ये आणली. तोवर बहुतेक सर्व्हर ८ बिटची चिन्हं नीट पुढे पाठवू लागले होते. मग फुगवायचं कशाला? प्रत्येक बाइटच्या किमतीत ४२ मिळवायचे, २५५ च्या पुढे गेलं तर परत शून्यापासून मोजायचं. सर्व्हरचा गोंधळ करतील अशी तीन-चारच चिन्हं आहेत, जसं की ओळ संपल्याची खूण. फक्त त्यांच्याआधी बरोबरचं चिन्ह लावायचं. वाढ फक्त एक-दोन टक्के. आज बायनरी ग्रुपमध्ये हीच पद्धत चालते.

तुकडे, एनझेडबी आणि पार२

एका आर्टिकलच्या आकाराला मर्यादा असते. साधारण ७०० केबीचा एक तुकडा धरला, तर आपल्या १४ एमबीच्या फाइलचे २० तुकडे होतात. १४ जीबीचा व्हिडिओ असेल तर २०,००० तुकडे! प्रत्येक तुकडा म्हणजे एक स्वतंत्र आर्टिकल आणि प्रत्येकाला स्वतःचा मेसेज-आयडी. हा आयडी जगात एकमेव असतो, आधार नंबरसारखा.

आता वीस हजार आर्टिकल हाताने कोण शोधणार? त्यासाठी एनझेडबी फाइल असते. तिच्यात गाणं किंवा सिनेमा नसतो, फक्त मेसेज-आयडींची यादी असते. लग्नाच्या खरेदीची यादी असते ना, तशी. सॉफ्टवेअर यादी वाचतं आणि सर्व्हरवरून एकेक तुकडा आणतं.

पण वाटेत दोन तुकडे हरवले तर? इथे पार२ कामाला येतं. अपलोड करणारा मूळ फाइलबरोबर थोडा जास्तीचा डेटा टाकतो. हा डेटा रीड-सोलोमन नावाच्या गणिताने काढलेला असतो. कुठलाही तुकडा हरवला तरी उरलेले तुकडे आणि हा जास्तीचा डेटा मिळून तो परत तयार होतो. अट एकच, जितकं हरवलं तितका तरी जास्तीचा डेटा हवा.

हे गणित तुम्ही रोज वापरता. वडापावच्या गाड्यावरचा क्यूआर कोड कोपऱ्यात फाटलेला असतो, त्यावर तेलाचा डाग असतो, तरी पेमेंट होतं. क्यूआर कोडमध्येही हीच रीड-सोलोमन पद्धत आहे.

डाउनलोडसाठी काय काय लागतं?

१. न्यूज सर्व्हर. बायनरी ग्रुपसाठी बहुतेक वेळा पैसे देऊन सबस्क्रिप्शन घ्यावं लागतं. इटर्नल सप्टेंबर हा सर्व्हर फुकट आहे, पण त्यावर फक्त मजकुराचे ग्रुप मिळतात.

२. न्यूजरीडर. मजकूर वाचायला थंडरबर्ड चालतं. बायनरीसाठी सॅबएनझेडबीडी किंवा एनझेडबीगेट. तुकडे आणणं, वायएन्क सोडवणं, पार२ तपासणं, शेवटी झिप किंवा रार उघडणं, ही सगळी कामं ते ओळीने स्वतः करतात.

३. एनझेडबी फाइल. ती शोधून देणाऱ्या साइटना इंडेक्सर म्हणतात. सर्व्हर वेगळा, इंडेक्सर वेगळा, हे लक्षात ठेवा. अनेक जण सर्व्हरचे पैसे भरतात आणि मग "इथे सर्चच नाही" म्हणून डोकं धरून बसतात.

सेटिंगमध्ये एसएसएल सुरू ठेवा, पोर्ट ५६३. साधं पोर्ट ११९ आहे, पण त्यावर सगळं उघड्यावर जातं.

आणखी एक शब्द कळायला हवा, तो म्हणजे रिटेन्शन. सर्व्हर एखादं आर्टिकल किती दिवस जपून ठेवतो, ते म्हणजे रिटेन्शन. पैसे घेणारे मोठे सर्व्हर काही हजार दिवस ठेवतात. पण कॉपीराइटची तक्रार आली की तुकडे काढले जातात. मग फाइल ९६ टक्क्यांवर येऊन अडकते आणि पार२ सुद्धा हात टेकतं.

मोबाइलवर चालेल का?

मजकुराचे ग्रुप आरामात चालतील. बायनरीसाठी मात्र मोबाइल एकटा कमी पडतो. हजारो तुकडे जोडायचे, तपासायचे, मग उघडायचे, म्हणजे फाइलच्या जवळजवळ दुप्पट जागा लागते. बॅटरीही तापते आणि रोजचा दीड-दोन जीबी डेटा कधी संपला ते कळतही नाही. म्हणून लोक घरच्या जुन्या लॅपटॉपवर सॅबएनझेडबीडी चालवतात आणि मोबाइलच्या ब्राउझरवरून ते फक्त हाताळतात.

टॉरंट आणि टेलिग्रामपेक्षा वेगळं काय?

टॉरंटमध्ये तुम्ही दुसऱ्या लोकांकडून तुकडे घेता आणि त्याच वेळी इतरांना देताही. तुमचा आयपी पत्ता त्या सगळ्यांना दिसतो. टेलिग्राममध्ये सगळं एका कंपनीच्या सर्व्हरवर असतं आणि चॅनेल उडालं की संपलं. युजनेटवर तुम्ही फक्त सर्व्हरकडून घेता, दुसऱ्या युजरशी संबंध येत नाही.

"कोणाला कळत नाही" हा समज यातूनच आलाय. पण तो अर्धाच खरा आहे. सर्व्हर कंपनीकडे तुमचा ईमेल आणि पेमेंटची माहिती असते. अपलोड करणाऱ्याचा माग आर्टिकलच्या हेडरमध्येही राहू शकतो.

आणि डाउनलोड करणाऱ्याला दुसरा धोका आहे. सिनेमाच्या नावाची फाइल उघडल्यावर "पासवर्डसाठी अमुक साइटवर जा" असं आलं, किंवा आत ईएक्सई नाहीतर एपीके फाइल निघाली, तर लगेच डिलीट करा. व्हिडिओ बघायला ॲप इन्स्टॉल करावं लागत नाही.

कायदा काय म्हणतो?

युजनेट वापरणं बेकायदेशीर नाही. तिथे काय घेता-देता, त्यावर सगळं ठरतं. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ नुसार, जाणूनबुजून उल्लंघन केलं तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. सिनेमांसाठी २०२३ ची सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती आणखी कडक आहे. त्यात किमान तीन महिने कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड आहे. वरची मर्यादा तीन वर्षं आणि निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड.

मग आपल्या तबकडीचं काय? भारतात ध्वनिमुद्रणाचं कॉपीराइट प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतं. समजा तबकडी १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली, तर १९९५ अखेर ती मोकळी झाली. म्हणजे टाका बिनधास्त?

थांबा. अमेरिकेत २०१८ च्या कायद्यानुसार १९२३ ते १९४६ मधल्या ध्वनिमुद्रणांना प्रसिद्धीपासून १०० वर्षं संरक्षण आहे. म्हणजे तीच तबकडी तिथे २०३५ अखेरपर्यंत बंद! आणि युजनेटचे बरेच मोठे सर्व्हर अमेरिकेतच आहेत. तुम्ही विश्रामबागेतून अपलोड करता, पण कॉपी कुठल्या देशात जाईल हे तुमच्या हातात नसतं. याउलट खाँसाहेबांची १९०५ च्या सुमाराची ध्वनिमुद्रणं आता दोन्हीकडे मोकळी आहेत. त्यामुळे जुनं काही टाकायचं असेल तर आधी प्रसिद्धीचं वर्ष शोधा.

कॉलेजच्या एकांकिकेचं शूटिंग केलं असेल, तरी कॅमेरा तुमचा म्हणून हक्क तुमचा होत नाही. लेखकाची आणि कलाकारांची परवानगी लागते.

टाकलेलं परत घेता येतं का?

जवळजवळ नाहीच. युजनेटवर रद्द करण्याचा मेसेज आहे, पण बहुतेक सर्व्हर तो मानत नाहीत. तोवर कॉपी पुढे गेलेली असते. व्हॉट्सॲपवरचं 'डिलीट फॉर एव्हरीवन' इथे नाही. म्हणून स्वतःचे किंवा दुसऱ्याचे खाजगी फोटो, व्हिडिओ इथे कधीच टाकू नका.

आज युजनेटचं काय उरलंय?

ड्यूक विद्यापीठाने स्वतःचा युजनेट सर्व्हर २०१० मध्ये बंद केला. जुन्या पोस्टचा मोठा साठा गूगलने २००१ मध्ये विकत घेतला आणि तो गूगल ग्रुप्समध्ये आला. २२ फेब्रुवारी २०२४ पासून तिथे युजनेटची नवी पोस्ट येत नाही, टाकताही येत नाही. जुन्या पोस्ट मात्र वाचता आणि शोधता येतात.

म्हणून युजनेट फुकटात अनुभवायचं असेल, तर सबस्क्रिप्शन घेण्याआधी गूगल ग्रुप्सवर तो जुना मराठी न्यूजग्रुप शोधा. रोमन मराठी वाचायला सुरुवातीला जड जाते, मग सवय होते. देवनागरीला जागा नव्हती तेव्हाही लोक नेटवर मराठीत बोलायचं थांबले नव्हते, हे तिथे दिसतं. एक रुपयाही लागत नाही आणि कुठलाही कायदा मोडत नाही.